‘मी तुम्हाला कंटाळा आणतेय’: सीबीटीची पार्श्वभूमी

सीबीटी, म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेविअरल थेरपी, म्हटलं की ‘सकारात्मक विचार करा’ असं सांगणारा उपचार, ही समजूत अजून जात नाही. या उपचाराचा जन्म कसा झाला ते पाहिलं, तर ती समजूत टिकणार नाही.

फिलाडेल्फियाच्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले डॉ. एरन बेक फ्रॉइडच्या मनोविश्लेषणात तयार झालेले मनोविकारतज्ज्ञ. नैराश्य म्हणजे स्वतःवर उलटलेला राग, असं त्या परंपरेत मानलं जाई. बेक यांना ते पुराव्यानं सिद्ध करायचं होतं, म्हणून त्यांनी नैराश्यग्रस्तांची स्वप्नं तपासली. राग सापडेना. सापडलं ते अपयश, गमावणं, नाकारलं जाणं.

त्याच सुमाराची एक गोष्ट बेक पुढे सांगत. कोचावर पडून एक रुग्ण स्त्री आपले लैंगिक अनुभव सांगत होती आणि अस्वस्थ होत होती. विषय नाजूक, म्हणून अस्वस्थता, असा अर्थ बेक यांनी लावला. ती म्हणाली, तसं नाही. मी तुम्हाला कंटाळा आणतेय, असं मला सारखं वाटतंय. बोलण्याच्या आड विचारांचा दुसरा प्रवाह चालू होता, आणि खरा त्रास त्याचा होता. अशा आपोआप उमटणाऱ्या, न तपासताच खऱ्या मानल्या जाणाऱ्या विचारांना बेक ‘स्वयंचलित विचार’ म्हणू लागले. ते कागदावर उतरवायचे, बाजूनं आणि विरुद्ध पुरावा मांडायचा, जमल्यास प्रत्यक्ष करून पाहायचं. स्वतःच्या सिद्धान्ताशी ते जसे वागले, तसंच रुग्णानं आपल्या विचाराशी वागायचं. मला या पद्धतीचा प्रामाणिकपणा इथे दिसतो.

१९७७ साली ४१ नैराश्यग्रस्तांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. काहींना इमिप्रामिन हे औषध दिलं, काहींवर बेक यांची पद्धत वापरली. पद्धत सरस ठरली. पुढच्या अभ्यासांत हा फरक तितकासा उरला नाही, पण बोलण्याचा उपचार औषधासारखाच मोजून पाहता येतो, हे लोकांना पटलं.

न्यूयॉर्कमध्ये मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस १९५५ पासूनच या वाटेवर होते. घटना नव्हे, घटनेबद्दलच्या अविवेकी समजुती आपल्याला छळतात, हे त्यांचं सूत्र. एकोणीस वर्षांचे असताना मुलींशी बोलायची भीती घालवायला ते ब्रॉन्क्सच्या वनस्पती उद्यानात महिनाभर जात राहिले आणि बाकावर एकटी बसलेली स्त्री दिसली की शेजारी बसून बोलायला लागत. त्यांच्याच हिशेबानं अशा १३० जणी झाल्या. तीस जणी उठून गेल्या, शंभर जणी बोलल्या. भेट एकीनंच ठरवली, तीही आली नाही. भीती मात्र गेली.

मराठीत हा विचार आला तो मुख्यतः एलिस यांच्याकडून. मुंबईचे मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांचा त्यांच्याशी दीर्घ पत्रव्यवहार होता. ‘विवेकनिष्ठ’ हा शब्द या उपचाराला मराठीत चिकटला आणि एलिस यांच्या उपचाराच्या इंग्रजी नावातल्या ‘रॅशनल’पेक्षा जवळचा वाटला. पुढे डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ठाण्यात १९९० साली स्थापन केलेल्या आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) या मानसिक आरोग्याच्या संस्थेनंही हा विचार दवाखान्याबाहेर, सामान्य माणसांपर्यंत नेला.