७० हजार कोटी आणि ०.१ टक्का

काँग्रेस आणि राष्ट्रवादीची पंधरा वर्षांची सत्ता २०१४ मध्ये मोदी लाटेत वाहून गेली, असं सरसकट म्हटलं जातं. लाट होतीच. पण पैसा धरणांत गेला आणि पाणी शिवारात आलं नाही, हे गावोगावच्या पारावर त्याआधी दोन वर्षं पक्कं झालं होतं. सत्ताधारी खातात, हा आरोप महाराष्ट्राला नवा नव्हता. सिमेंट प्रकरणात १९८२ मध्ये मुख्यमंत्र्यांना जावं लागलं होतं, ‘आदर्श’ प्रकरणात २०१० मध्ये. पण या वेळी यांना कारभारही जमत नाही, ही दुसरी शंका पहिलीला येऊन मिळाली.

याचं मूळ शोधायला १९९६ मध्ये जावं लागतं, आणि तेव्हा सत्तेत युती होती. कृष्णा पाणीतंटा लवादाने महाराष्ट्राच्या वाट्याला ५६० टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिलं होतं आणि ३१ मे २००० नंतर त्या निवाड्याचा फेरविचार होऊ शकत होता. तोवर पाणी अडवलं नाही तर ते हातचं जाईल, या धास्तीने कृष्णा खोरे विकास महामंडळ निघालं आणि लोकांकडून रोखे घेऊन पैसा उभा राहिला. पाठोपाठ विदर्भ, तापी, कोकण आणि गोदावरी मराठवाडा अशी महामंडळं आली. हेतू खरा होता. पण आपल्या तालुक्यात धरण हवं, हा प्रत्येक आमदाराचा हट्टही तितकाच खरा होता. नारळ फोडायला पैसा लागत नाही. कालवा शेवटच्या चारीपर्यंत न्यायला लागतो. शेकडो कामं एकदम काढली, पैसा सगळ्यांत थोडा थोडा वाटला गेला आणि कामं अर्धवट पडून राहिली.

काम रखडलं की दर वाढतात, भूसंपादन महागतं, मग खर्चाला नव्याने मंजुरी घ्यावी लागते. जलसंपदा खात्याच्या बोलीत तिला ‘सुप्रमा’ म्हणतात, म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यता. एका प्रकल्पाला एकदा सुप्रमा मिळाली तर समजू शकतं. इथे तो शिरस्ता झाला.

भंडारा जिल्ह्यातला वैनगंगेवरचा गोसीखुर्द घ्या. १९८८ च्या एप्रिलमध्ये राजीव गांधींच्या हस्ते पायाभरणी झाली, तेव्हा अंदाजपत्रक होतं ३७२ कोटींचं. पुढे ते १८ हजार कोटींवर गेलं. लाभक्षेत्र अडीच लाख हेक्टरचं; पण ज्यांची गावं बुडाली त्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्न आणि ज्यांना पाणी मिळायचं त्यांची प्रतीक्षा, दोन्ही दशकानुदशकं चालू राहिलं. २००९ मध्ये विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर काही महिन्यांतच विदर्भातल्या ३८ प्रकल्पांची किंमत ६,६७२ कोटींवरून २६,७२२ कोटींवर नेली गेली. शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या प्रदेशात कागदावर २० हजार कोटी वाढले. माझ्या मते अविश्वासाची ठिणगी पडली ती इथे. शेतकऱ्याला सुप्रमा कळत नसेल. पण काही महिन्यांत कोणत्याच वस्तूची किंमत चौपट होत नाही, हे त्याला नीट कळतं.

मी असा एक कालवा पाहिला आहे. अस्तरीकरणाच्या फरशा उखडलेल्या, तळाशी डोक्याएवढ्या बाभळी, आणि पुढे रस्त्यापाशी कालवा एकदम संपलेला, कारण पलीकडची जमीन घेतलीच नव्हती. कालव्यात गेलेल्या जमिनीचा मालक तिथे शेळ्या चारत होता. जमीन गेली, पाणी आलं नाही. त्याला कुठल्याही अहवालाची गरज नव्हती.

पण अहवाल आला. राज्याच्या २०११-१२ च्या आर्थिक पाहणीवरून असं दिसलं, की दहा वर्षांत एकूण पिकाखालच्या क्षेत्रातलं सिंचनाचं प्रमाण १७.८ टक्क्यांवरून १७.९ वर आलं आहे. त्याच दहा वर्षांत सिंचनावर सुमारे ७० हजार कोटी खर्च झाले होते. हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले गेले आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांनी श्वेतपत्रिकेची घोषणा केली. सरकारच्या प्रमुखानेच मित्रपक्षाकडच्या खात्यावर बोट ठेवलं, असाच अर्थ लोकांनी काढला. नाशिकच्या अभियांत्रिकी प्रशिक्षण संस्थेतले मुख्य अभियंता विजय पांढरे यांनी निकृष्ट कामं आणि फुगवलेल्या अंदाजपत्रकांबद्दल सरकारला लिहिलेलं पत्रही चव्हाट्यावर आलं. १९९९ पासून दहा वर्षं जलसंपदा खातं सांभाळलेले अजित पवार २५ सप्टेंबर २०१२ ला उपमुख्यमंत्रिपदावरून पायउतार झाले आणि डिसेंबरात परत आले.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. ७० हजार कोटी हा खर्चाचा आकडा होता, सगळाच्या सगळा लुटीचा नव्हे. बोलता बोलता तो ‘७० हजार कोटींचा घोटाळा’ झाला. ०.१ टक्काही वादातीत नव्हता. जलसंपदा खातं निर्माण झालेली सिंचनक्षमता मोजतं, पाहणीतला आकडा प्रत्यक्ष भिजलेल्या पिकाचा होता. नोव्हेंबरअखेर श्वेतपत्रिका आली, तिने क्षमतेच्या मापाने बरीच मोठी वाढ दाखवली. पण धरणात साठलेलं आणि शेतात पोचलेलं पाणी यांत जे अंतर होतं, तेच तर लोकांचं दुखणं होतं. कुठेतरी पाणी मुरतंय, हा संशय श्वेतपत्रिकेने आणखी घट्ट केला.

त्यातच २०१३ चा दुष्काळ. सोलापूरचा एक शेतकरी उजनीच्या पाण्यासाठी आझाद मैदानात दीड महिन्याहून अधिक काळ उपोषणाला बसला होता. त्याच्याविषयी इंदापूर तालुक्यातल्या सभेत उपमुख्यमंत्री अजित पवार जे टिंगलीने बोलले, त्याने राज्य संतापलं. त्यांनी माफी मागितली, कराडला यशवंतरावांच्या समाधीपाशी दिवसभर आत्मक्लेश केला. टँकरच्या रांगेत उभ्या असलेल्यांच्या मनातून ते बोलणं गेलं नाही.

ज्येष्ठ जलतज्ज्ञ माधवराव चितळे यांची समिती नेमली गेली. औरंगाबादला भाजपचे नेते पुराव्यांची हजारो पानं बैलगाडीत घालून समितीकडे घेऊन गेले. २०१४ मध्ये अहवाल आला, त्यात अनियमितता नोंदल्या गेल्या. त्याच वर्षी लोकसभेच्या ४८ जागांपैकी काँग्रेसला २ आणि राष्ट्रवादीला ४ मिळाल्या. विधानसभेत ४२ आणि ४१.

नव्या सरकारने लाचलुचपत प्रतिबंधक विभागाची चौकशी लावली. नोव्हेंबर २०१९ मध्ये या विभागाने अजित पवारांवर जबाबदारी येत नसल्याचं नागपूर खंडपीठापुढच्या प्रतिज्ञापत्रात सांगितलं. २७ जून २०२३ ला भोपाळमध्ये पंतप्रधानांनी राष्ट्रवादीवर ७० हजार कोटींच्या घोटाळ्यांचा आरोप केला. पाच दिवसांनी, २ जुलैला, अजित पवार पंतप्रधानांच्याच पक्षाच्या सोबतीने राज्यात उपमुख्यमंत्री झाले.

आणि आर्थिक पाहणी? ०.१ टक्क्याच्या गदारोळानंतर अनेक वर्षं तिच्यात सिंचनाखालच्या क्षेत्राच्या टक्केवारीपुढे ‘उपलब्ध नाही’ एवढंच छापून येत राहिलं.