पावसाळ्यात पानं गाळणारं झाड आणि सेरेरांचे पूर्वज

पिंपळ चोवीस तास ऑक्सिजन सोडतो, हे आपल्या पूर्वजांना ठाऊक होतं, म्हणूनच त्यांनी त्याला देव मानलं! हा मजकूर कधी पिंपळाच्या, कधी वडाच्या, कधी तुळशीच्या नावाने फोनवर येतच असतो. त्यातल्या ऑक्सिजनचा निकाल शाळेच्या पुस्तकातच लागतो. पाण्याचा रेणू फोडून ऑक्सिजन मोकळा करायला उजेड लागतो. रात्री पिंपळही तुमच्याआमच्यासारखाच कार्बन डायऑक्साइड सोडत उभा असतो. मला खटकतं ते मजकुरामागचं गृहीतक. झाड पवित्र आहे ना, मग त्यात काहीतरी विज्ञान दडलेलं असणारच, आणि पूजा म्हणजे ते विज्ञान लपवून सांगण्याची युक्ती.

हे गृहीतक तपासायला पश्चिम आफ्रिकेतला सेरेर समाज फार सोयीचा आहे. पूजेची झाडं आणि पोटाला लावणारी झाडं त्यांच्याकडे एकाच शिवारात उभी आहेत, आणि त्या शिवारांत शेतीशास्त्रज्ञांनी गेली साठ-सत्तर वर्षं खणून, मोजून, तोलून ठेवलं आहे.

सेरेर हा सेनेगलमधला संख्येने तिसरा मोठा समाज. डाकारच्या आग्नेयेला सीन आणि सालूम ही त्यांची जुनी राज्यं. आज बहुतेक सेरेर मुसलमान किंवा ख्रिस्ती आहेत, पण जुना धर्म पुसला गेलेला नाही. त्या धर्मात सर्वात वर रूग हा निर्माता. तो इतका दूरचा की त्याच्याशी थेट बोलणं फारसं होत नाही. मध्यस्थी करतात ते पांगूल (एक असेल तर फांगूल): घराण्याचे, गावाचे, वस्ती वसवणाऱ्या मूळपुरुषांचे आत्मे. त्यांचं ठाणं बहुधा एखाद्या झाडाच्या बुंध्याशी असतं. तिथे दूध ओततात, बाजरी वाहतात. पांगूल आणि साप यांचं नातं जवळचं, त्यामुळे ठाण्याजवळ दिसलेला साप मारत नाहीत. फातिक गावाची राखणदार मिंदिस ही तर पाण्यातली. ती मानाटीच्या, म्हणजे समुद्रगायीच्या रूपात येते असं मानतात, आणि तिचा नैवेद्य सीनच्या खाडीकाठी जातो.

सालूमच्या त्रिभुज प्रदेशातली ठिकाणं आणखी वेगळी. शतकानुशतकं शिंपले खाऊन टाकलेल्या टरफलांचे तिथे अक्षरशः डोंगर झाले आहेत. असे 218 ढीग नोंदवले गेले आहेत, त्यातल्या 28 ढिगांवर दफनाचे उंचवटे आहेत, आणि 2011 पासून हा सगळा प्रदेश जागतिक वारसा यादीत आहे. या ढिगांवर गोरखचिंचेची, म्हणजे बाओबाबची, दाट गर्दी असते. कारण सरळ आहे. टरफलं म्हणजे चुना, बाओबाबला चुनखडीची जमीन मानवते, आणि ढिगाच्या उंचीमुळे मुळं खाऱ्या पाण्यापासून वर राहतात. माणसांनी मेलेल्यांसाठी निवडलेली जागा झाडालाही मानवली, एवढंच.

बाओबाबचा आणखी एक उपयोग सेरेर करत असत. गावोगाव वंशावळ्या आणि पराक्रम गाणाऱ्या ग्रिओ लोकांचं दफन ते जमिनीत करत नसत. तसं केलं तर पाऊस रुसेल, पीक बुडेल ही भीती. त्यांना बाओबाबच्या पोकळ खोडात ठेवत. स्वातंत्र्यानंतर 1960 च्या दशकात ही प्रथा बंद झाली. भक्तिभाव म्हणून ती ऐकायला छान वाटते, पण ग्रिओंचं स्थान समाजात खालचं होतं आणि त्यांना मातीही नाकारली जायची, हे विसरून चालणार नाही.

आता माझ्या आवडीच्या झाडाकडे येतो. सीनच्या शिवारात बाओबाबपेक्षा कितीतरी जास्त संख्येने दिसतं ते काटेरी, बाभळीच्या कुळातलं एक झाड. सेरेर त्याला सास म्हणतात, शेजारचे वोलोफ काद म्हणतात. शास्त्रीय नाव फैदर्बिया अल्बिडा. हे नाव 1934 साली ओगुस्त शव्हालिए या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने दिलं, ते सेनेगलचा फ्रेंच गव्हर्नर लुई फेदेर्ब याच्यावरून. याच फेदेर्बने मे 1859 मध्ये फातिकजवळ सीनच्या राजाचा पराभव केला होता. सेरेरांची बाजरी पोसणाऱ्या झाडाला सेरेरांना हरवणाऱ्याचं नाव!

सासच्या कथा सेरेर सांगतात, पण शेतात उभ्या असलेल्या शेकडो सासांखाली कुणी दूध ओतत नाही. ते पिकाचं झाड आहे. त्याची खुबी अशी की जून-जुलैत पाऊस लागला, सगळं रान हिरवं झालं, की ते पानं गाळून खराटा होतं. ऑक्टोबरात पाऊस गेला, बाकीचं रान वाळायला लागलं, की याला पालवी फुटते. भर उन्हाळ्यात, गवताची काडी उरलेली नसताना, सास हिरवागार, आणि त्याच्या नारिंगी, पिळदार शेंगा गुरांच्या तोंडात.

पावसात पान गाळण्यात शेतकऱ्याचा काय फायदा? सीनचं मुख्य पीक बाजरी. (ही आपलीच बाजरी, खरं तर आपण त्यांची घेतली. ती मूळ सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला लागून असलेल्या साहेल पट्ट्यातली, मालीमध्ये साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या लागवडीचे पुरावे आहेत.) बाजरी भर उजेडाची भुकेली; साध्या झाडाच्या सावलीत ती खुरटते. सास ऐन पेरणीच्या वेळी पानं टाकतो, त्यामुळे उजेडासाठी भांडण नाही. गळलेली पानं पहिल्या पावसात कुजतात आणि त्यातला नायट्रोजन नेमका रोपं वर येत असताना मोकळा होतो. उरलेल्या फांद्यांची विरळ जाळीसुद्धा कामाला येते. रेताड जमिनीचा पृष्ठभाग तिथे पन्नास अंशांच्या वर तापतो आणि कोवळं रोप भाजून निघतं. नायजरमधल्या मोजमापांत सासाखालची जमीन पाच ते दहा अंशांनी थंड भरली. सेनेगलमध्येच, बांबे इथल्या संशोधन केंद्रात 1960 च्या दशकात केलेल्या तोलाईत सासाखालची बाजरी उघड्या शेतातल्या बाजरीच्या अडीचपट निघाली.

पण पावसाळ्यात उपाशी राहणाऱ्या झाडाचं पोट कशावर भरतं? खोल पाण्यावर. मुळं तीस मीटर आणि त्याहूनही खाली जातात. हे फक्त खणून सिद्ध केलेलं नाही. पाण्यात हायड्रोजन आणि ऑक्सिजनची थोडी जड रूपं असतात. वरच्या मातीतलं पाणी उन्हाने उडतं तेव्हा हलके रेणू आधी निसटतात, त्यामुळे मागे राहिलेलं पाणी जड होत जातं. भूजलाला ऊन लागत नाही, ते मूळचं राहतं. झाडाच्या खोडातला रस काढून त्याचं जडपण मोजलं की तो कुठल्या थरातून आला ते कळतं. बुर्किना फासोमध्ये 1990 च्या दशकात हे मोजलं गेलं आणि उन्हाळ्यातला सास खोलवरचंच पाणी पितो असं दिसलं. आणखी एक पुरावा मला फार आवडतो. सासचं लहान रोप सुरुवातीची काही वर्षं इतर झाडांसारखं पावसात हिरवं असतं. मूळ पाण्याला टेकलं की मगच त्याचा हंगाम उलटा होतो.

नायट्रोजनची गोष्ट याहून गुंतागुंतीची. सास शेंगावर्गीय आहे, म्हणजे मुळांच्या गाठींमधल्या जिवाणूंकडून हवेतला नायट्रोजन बांधून घेऊ शकतो. पण वरच्या मातीत गाठी शोधाव्या तर फारशा सापडत नाहीत. 1992 साली सेनेगलमध्ये थेट भूजलापर्यंत खणून पाहिलं, तेव्हा गाठी करणारे जिवाणू 34 मीटर खोलीवरही जिवंत सापडले, आणि तेही भरपूर. म्हणजे कारखाना तळघरात असू शकतो. तो चालू आहे का, हे कसं ओळखायचं?

इथे पुन्हा जड अणू मदतीला येतात. हवेतल्या नायट्रोजनच्या दर हजार अणूंमागे तीन-चार अणू नायट्रोजन-15 चे, म्हणजे जड रूपाचे असतात. मातीतले जिवाणू नायट्रोजन वायुरूपात उडवतात तेव्हा हलका नायट्रोजन-14 आधी जातो, म्हणून मातीत 15 चं प्रमाण किंचित वाढलेलं असतं. जे झाड मातीतून खातं त्याच्या पानात हा वाढावा उतरतो. जे हवेतून खातं त्याच्या पानात तो नसतो. सासच्या पानाची तुलना शेजारच्या, नायट्रोजन न बांधणाऱ्या झाडाशी केली की फरकावरून हवेचा हिस्सा काढता येतो. कागदावर सोपं. प्रत्यक्षात तुलनेचं झाड तितक्याच खोलीवरून खाणारं हवं, कारण खोलीनुसार मातीतलं प्रमाण बदलतं; आणि चौतीस मीटर मुळं असलेलं दुसरं झाड आणायचं कुठून? त्यात सासाखाली गुरं बसतात. शेणमुतातला अमोनिया उडताना हलका अणूच नेतो, त्यामुळे तिथली माती आणखी जड होते. म्हणून या पद्धतीने काढलेले आकडे जागेगणिक बदलतात, आणि कुणी एकच ठाम टक्केवारी सांगितली तर भुवया उंचवाव्यात.

शिवाय गुरांच्या शेणाचा वाटा वेगळा काढायचा तर तो झाडाच्या खात्यावर लिहायचा की गुरांच्या? गुरं सावलीसाठी आणि शेंगांसाठी तिथे येतात, दूर कुठेतरी चरलेलं इथे टाकतात. म्हणजे झाडाने खत बनवलं नाही, गोळा केलं. काही संशोधकांचा तर उलटाच मुद्दा आहे: झाडामुळे जमीन सुपीक झाली असं नाही, सुपीक ठिगळातच रोप तगलं. माझ्या मते दोन्ही खरं आहे, पण अडीचपट पिकाचा सगळा मान झाडाला देणारी भाषणं ऐकली की हा मुद्दा आठवावा. गेल्या काही वर्षांत सासला ‘खत देणारं चमत्कारी झाड’ म्हणून खपवणारी मंडळी निघाली आहेत. भूजल फार खोल असेल किंवा खडकाखाली असेल तिथे हे झाड लावून चमत्कार व्हायचा नाही.

आता पांगूल. सेरेरांना नायट्रोजन-15 ठाऊक नव्हता, आणि पांगूलांनाही नव्हता. पण धर्माचा सासशी संबंध आहे, फक्त तो आडवळणाने येतो. सेरेर शिवारात जमिनीचा मालक असा कुणी नसे. पहिल्यांदा रान जाळून वस्ती वसवणाऱ्याच्या वंशातला लामान जमीन वाटून देई. त्या जागेच्या आत्म्यांशी मूळपुरुषाने करार केला होता आणि तो करार लामानने पाळायचा, अशी श्रद्धा. दूध वाहणं हे त्याचं काम, तसंच कुठलं शेत पडीक ठेवायचं, गुरं कुठे बांधायची, कुठलं झाड तोडायचं नाही हेही त्याचंच काम. आत्म्यांनी झाड वाचवलं नाही. आत्म्यांच्या नावाने चालणाऱ्या अधिकाराने ते वाचवलं. हा फरक बारीक वाटेल, पण पिंपळाचा मजकूर नेमका इथेच घसरतो. बाओबाबमध्ये नायट्रोजन बांधायची सोय नाही, तरी त्याच्या बुंध्याशी पूजा होते. सास बाजरी पोसतो, तरी त्यातले बहुतेक पूजेविना उभे असतात. उपयोगावरून पावित्र्य मोजता येत नाही.

अधिकारावर श्रद्धेची सावली असली की दुसरा धोकाही येतो. पावसाळ्याच्या तोंडावर फातिकला सालतिगी, म्हणजे सेरेर द्रष्टे, जमतात आणि रात्रभर येणाऱ्या पावसाचं, रोगराईचं भाकीत सांगतात. या सोहळ्याला खोय म्हणतात. 2013 साली युनेस्कोने तो अमूर्त वारशाच्या यादीत घेतला. सोहळा म्हणून तो जपण्यासारखाच आहे. पण यादीत नाव आलं म्हणून भाकीत खरं ठरत नाही. पेरणी कधी करायची हे ठरवताना पर्जन्यमापकाची जागा खोय घेऊ शकत नाही, आणि तसं सुचवणाऱ्या बातम्या वाचल्या की मला आपल्याकडच्या पंचांगातल्या पावसाची आठवण येते.

लामानची सत्ता 17 जून 1964 च्या कायद्याने संपली. सेनेगलच्या नव्या सरकारने बहुतेक सगळी जमीन राष्ट्राची ठरवली, आणि मूळपुरुषाच्या करारावर उभा असलेला अधिकार कागदावरून गेला. त्यात अन्याय्य गोष्टीही गेल्या, कारण लामानच्या मर्जीत नसलेल्यांना पूर्वी दाद नव्हती. पण त्याच काळात भुईमूग वाढला, पडीक शेतं संपली, घोड्यामागचं पेरणीयंत्र आणि कुळव आले, आणि 1970 च्या दशकात दुष्काळ पडला. आज सीनमधले बरेचसे सास म्हातारे आहेत, मागून येणारी पिढी विरळ.

बी कमी पडतं म्हणून नव्हे. गुरं शेंगा खातात, कडक बी पोटातून मऊ होऊन शेणासकट शेतात पडतं आणि पहिल्या पावसात उगवतं. पहिल्या वर्षांत रोपाची सगळी ताकद खाली जाते, वर दिसतं ते वीतभर काटेरी तण. वनकायद्याने वाढलेल्या सासवर कुऱ्हाड चालवायला परवानगी लागते, पण कुळवाखाली गेलेल्या रोपासाठी कुणी कुणाला विचारत नाही. काही गावांत शेतकरी आता अशा रोपांशेजारी काठी रोवतात, आणि घोडा हाकणारा तिथे आला की कुळव उचलून पुढे जातो.