मारहाणीत पोटातलं बाळ गेलं तर गुन्हा कोणत्या कलमाखाली? तक्रार आणि लागणारे कागद

शेताच्या धुऱ्यावरून भांडण होतं. सोडवायला गेलेल्या सुनेच्या पोटावर लाथ बसते, रात्री रक्त जायला लागतं आणि सकाळी ग्रामीण रुग्णालयात बाळ गेल्याचं कळतं. घरचे ठाण्यात जाऊन म्हणतात, "खुनाचा गुन्हा लावा." तिथून हाती येते एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद. दोन्हीकडून चूकच होते.

आधी खुनाचं. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०० च्या स्पष्टीकरणातच लिहिलंय की आईच्या पोटात असलेल्या बाळाचा मृत्यू घडवणं हा मनुष्यवध नाही. बाळाचा काही भाग बाहेर आल्यावर जीव घेतला तरच ते त्यात येऊ शकतं. म्हणून खुनाच्या कलम १०३ साठी अडून बसू नका, त्यात वेळ जातो.

मागायचं ते कलम ८९. बाईच्या संमतीविना गर्भपात घडवला तर जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे, गुन्हा दखलपात्र (पोलिसांना एफआयआर नोंदवावाच लागतो) आणि अजामीनपात्र. बाळ पोटात हलायला लागलेलं असेल आणि हल्ला असा असेल की त्यात आईच मेली असती तर सदोष मनुष्यवध ठरला असता, तर कलम ९२, म्हणजे दहा वर्षांपर्यंत. घटना १ जुलै २०२४ च्या आधीची असेल तर जुन्या दंडसंहितेतली ३१३ आणि ३१६.

एनसीवर ११५(२), ३५२ असे आकडे दिसले तर समजा, पोलिसांनी साधी मारहाण आणि शिवीगाळ धरली आहे. बाळ नंतर गेलं असेल तर दवाखान्याचे कागद जोडून पुरवणी जबाब द्या. त्यात दोन गोष्टी सुटू देऊ नका: मारणाऱ्याला बाई पोटुशी असल्याचं माहीत होतं का, आणि मार नेमका कुठे बसला. "मारहाण केली" एवढ्यावर वकील काय करणार?

तक्रार बाईनेच द्यावी असं नाही. नवरा, सासू, आशाताई, ज्याला माहिती आहे तो देऊ शकतो. कोणत्याही ठाण्यात द्या, हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही. एफआयआरची प्रत फुकट मिळते. नोंदच घेत नसतील तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज टपालाने पाठवा, पोच जपा. तरीही हललं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे प्रतिज्ञापत्रासह अर्ज करता येतो.

कागदांमध्ये सगळ्यात वजनदार म्हणजे गरोदरपणाच्या तपासण्यांच्या वेळी भरलेलं माता-बाल संरक्षण कार्ड. पाळीची तारीख, तपासण्या, बाळाचे ठोके, सगळं घटनेच्या आधीच लिहिलेलं असतं, त्यामुळे ते मागाहून रचलं असं कोणी म्हणू शकत नाही. सोबत सोनोग्राफीचा रिपोर्ट आणि डिस्चार्ज कार्ड. दवाखान्यात पाय ठेवताच "मारामुळे झालं" असं सांगा आणि एमएलसी, म्हणजे पोलिसी प्रकरण म्हणून दवाखान्यातली नोंद, करायला लावा. लाजेखातर "घसरून पडली" असं केसपेपरवर लिहवलं, की तोच कागद पुढे कोर्टात आडवा येतो. मी हे पाहिलंय.

आणि बाळ घाईने वावरात पुरू नका. दुःखात सुचत नाही हे खरं, पण शवविच्छेदन झालं नाही तर मृत्यूचं कारण सिद्ध करणं फार कठीण जातं.

नवऱ्याने किंवा सासरच्यांनी जबरदस्तीने गोळ्या चारल्या तर तेही ८९ मध्येच बसतं. गर्भलिंग तपासणी झाली असेल तर तिचा कायदा वेगळा, तक्रार जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. मात्र १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्याप्रमाणे नोंदणीकृत डॉक्टरांकडून, बाईच्या संमतीने झालेला गर्भपात गुन्हा नाही. त्यावरून कोणी धमकावत असेल तर घाबरू नका.

वकील लावायला पैसे नाहीत? बाईला उत्पन्नाची अट नाही, जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणात मोफत वकील मिळतो. नुकसानभरपाईचा अर्जही तिथेच. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या २०१८ च्या योजनेत हल्ल्यामुळे गर्भ गेल्याची नोंद वेगळी आहे, दोन ते तीन लाख रुपये. एफआयआरची प्रत, दवाखान्याचे कागद, आधार आणि बँकेचं पासबुक न्या. मुदत घटनेपासून किंवा खटला संपल्यापासून तीन वर्षं, आणि अर्ज करायला निकालाची वाट पाहावी लागत नाही.