जानेवारीचे धरतात की एप्रिलचे? परीक्षा दोनदा दिली तर प्रवेशाला कोणते गुण चालतात

मध्यंतरी रावेरकडचा एक पोरगा जेईई मेनची, म्हणजे इंजिनिअरिंगच्या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेची, दोन्ही स्कोअरकार्डं घेऊन आला. जानेवारीत फिजिक्स चांगलं, एप्रिलमध्ये गणित. दोन्हींतले चांगले आकडे उचलून त्याने कोपऱ्यात पेन्सिलीने सरासरी काढलेली, आणि तिच्यावर कॉलेजांची यादीही तयार! वडील केळीवाले. म्हटलं, दादा, इथे घड अख्खा तोलतात, फण्या वेगळ्या करून नाही.

दोन सत्रांपैकी ज्यात एकूण पर्सेंटाइल (म्हणजे टक्के नव्हे, किती टक्के पोरं आपल्या बरोबरीने किंवा मागे आहेत तो आकडा) जास्त, तेच सत्र रँकसाठी धरलं जातं. हे आपोआप होतं, त्यासाठी अर्ज लागत नाही. एकूण पर्सेंटाइल म्हणजे तिन्ही विषयांच्या पर्सेंटाइलची सरासरीही नव्हे, ते एकूण गुणांवरून वेगळं निघतं. मागच्या वर्षीचा स्कोअर यंदा चालत नाही. एप्रिलसाठी जुन्याच अर्ज क्रमांकाने लॉगिन करून शुल्क भरा. नवा अर्ज काढू नका, एकाच विद्यार्थ्याचे दोन अर्ज क्रमांक म्हणजे गैरप्रकार समजला जातो.

राज्याच्या एमएचटी-सीईटी प्रवेश परीक्षेलाही २०२६ पासून पीसीएम (फिजिक्स-केमिस्ट्री-गणित) आणि पीसीबी (गणिताऐवजी बायोलॉजी) गटांसाठी दोन संधी आहेत. पहिली द्यावीच लागते, दुसरी ऐच्छिक, आणि जास्त पर्सेंटाइल धरायचं. वैद्यकीय प्रवेशाची नीट परीक्षा मात्र वर्षातून एकदाच.

फण्या निवडायची सोय अमेरिकेत आहे, तीही सगळीकडे नाही. तिथल्या कॉलेज प्रवेशाची सॅट परीक्षा १६०० गुणांची, वाचन-लेखन ८०० आणि गणित ८००. पहिल्यांदा ६९० आणि ७२०, दुसऱ्यांदा ६५० आणि ७८० मिळाले, तर बेरजा १४१० आणि १४३०. अमेरिकेतल्या एमआयटीसारखी संस्था प्रत्येक विभागातला वरचा आकडा बघते, म्हणजे ६९० आणि ७८०, एकूण १४७०. याला सुपरस्कोअर म्हणतात. काही विद्यापीठं दिलेल्या सगळ्या परीक्षांचे गुण मागतात, तर कॅलिफोर्निया विद्यापीठ प्रवेश ठरवताना सॅट बघतच नाही. म्हणून तिसऱ्यांदा फी भरण्याआधी त्या विद्यापीठाचा नियम वाचा.

आता पात्रता. राज्यात इंजिनिअरिंगला बारावीत ठरलेल्या विषयांत खुल्या गटाला ४५ टक्के, महाराष्ट्रातल्या राखीव गटांना ४० टक्के लागतात. एनआयटीला, म्हणजे जेईई मेनवरून प्रवेश देणाऱ्या केंद्राच्या इंजिनिअरिंग संस्थांना, बारावीत ७५ टक्के किंवा आपल्या बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये नाव हवं. अनुसूचित जाती-जमातींना ७५ ऐवजी ६५.

आपल्याकडची पोरं गुणांपेक्षा कागदांतच जास्त अडकतात. दहावी-बारावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, डोमिसाइल हे बहुतेकांकडे असतं. घोळ होतो नॉन-क्रीमिलेअरचा, म्हणजे ओबीसीसारख्या गटांना उत्पन्न मर्यादेत असल्याबद्दल लागणाऱ्या दाखल्याचा. राज्याच्या कॅप, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश फेरीला तो प्रवेशाचं वर्ष संपेपर्यंत, म्हणजे ३१ मार्चपर्यंत वैध हवा. एनआयटी-आयआयटीला केंद्राच्या नमुन्यातला, त्या वर्षी १ एप्रिल किंवा त्यानंतर काढलेला. एक दाखवून दुसऱ्याचं काम होत नाही. धडगाव-अक्कलकुव्याच्या पोरांनी जात वैधतेचा अर्ज अकरावीतच टाकावा, निकालानंतर धावपळ करून ती वेळेत हातात पडेल याचा भरवसा नाही.

आणि नाव तपासा. दहावीच्या गुणपत्रिकेवर 'दिलीपसिंग', आधारवर नुसतं 'दिलीप', असं आपल्या भागात सर्रास असतं. ही दुरुस्ती पहिला अर्ज भरण्याआधी करून घ्या, कारण दोन्ही सत्रांच्या स्कोअरकार्डांवर तेच नाव उतरतं.