पाच मिनिटं थांबायची तयारी

एकाच दिशेला निघालेल्या दोघांना एका गाडीत बसवायचं, एवढीच शेअर टॅक्सीची कल्पना. पण 'एकाच दिशेला' म्हणजे नेमकं कुठे आणि 'एकाच वेळी' म्हणजे किती मिनिटांच्या फरकाने, हे ठरवायला बसलं की घोडं अडतं.

अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या सेन्सिएबल सिटी लॅबमधले पाओलो सांती, कार्लो रात्ती आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये हा हिशेब न्यूयॉर्कच्या टॅक्सींवर मांडला. तिथल्या तेरा हजारांहून जास्त टॅक्सींनी 2011 मध्ये केलेल्या सुमारे 15 कोटी फेऱ्यांची नोंद त्यांच्या हाताशी होती: प्रवासी कुठे आणि किती वाजता चढला, कुठे आणि किती वाजता उतरला. दिवसाला साधारण चार लाख फेऱ्या, म्हणजे शक्य जोड्या आठ हजार कोटी! त्यातल्या बहुतेक अर्थातच बाद. सकाळी आठची फेरी रात्री अकराच्या फेरीशी जुळणार कशी? म्हणून नियम असा की एकट्याने गेल्यापेक्षा दोघांपैकी कोणालाही ठरावीक मिनिटांहून जास्त उशीर होता कामा नये. नियमात बसणाऱ्या फेऱ्या रेषांनी जोडल्या की एक भलंमोठं जाळं तयार होतं.

त्यातून जोड्या निवडताना घाई नडते. समजा क, ख, ग आणि घ अशा चार फेऱ्या आहेत. क चं जमतं फक्त ख शी, घ चं फक्त ग शी. ख आणि ग यांचं मात्र एकमेकांशीही जमतं, आणि दोघं अगदी जवळजवळ उभे आहेत. जवळचे म्हणून आधी ख-ग जोडी लावली, तर क आणि घ एकटे उरतात. तीन गाड्या लागतात. क-ख आणि ग-घ लावलं तर दोनात भागतं. सगळ्या जाळ्याचा एकत्र विचार करून जास्तीत जास्त जोड्या काढायची रीत जॅक एडमंड्स या गणितज्ञाने 1965 मध्येच शोधून ठेवली होती. ती वापरल्यावर दिसलं की प्रवाशांना फारसा त्रास न देता टॅक्सींचं एकूण अंतर 40 टक्के किंवा त्याहूनही जास्त घटू शकतं.

दोघांपुढे गेलं की गणित अंगावर येतं. दोन प्रवाशांना चढवण्या-उतरवण्याचे क्रम 6, तिघांचे 90, चौघांचे 2520 (चढण्याआधी उतरता येत नाही, हे धरून). तरीही 2017 मध्ये एमआयटीतल्याच दुसऱ्या एका अभ्यासाने दाखवलं की चार आसनी 3000 गाड्या न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागाची 98 टक्के टॅक्सी-मागणी भागवू शकतात, आणि गाडीची वाट सरासरी 2.7 मिनिटंच पाहावी लागते.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती वेगळीच गोष्ट. त्याच वर्षी न्यूयॉर्क, सॅन फ्रान्सिस्को, सिंगापूर आणि व्हिएन्ना या चार शहरांची तुलना झाली आणि किती फेऱ्या जोडता येतील याचं एकच सूत्र चौघांनाही लागू पडलं. शहराचं क्षेत्रफळ, वाहतुकीचा वेग, दर तासाची मागणी आणि प्रवाशांची थांबायची तयारी, बस्स. यात थांबायच्या तयारीचं वजन भारी आहे. ती दुप्पट केली की जोडीदार शोधायला वेळ दुप्पट मिळतो, शिवाय गाडी दुप्पट लांब वळसा घेऊ शकते म्हणून शोधाचा परिसर चौपट होतो. दोन्ही मिळून आठपट! म्हणजे कमी मागणीच्या शहरातही चार-पाच मिनिटांची सवड बरंच काम करून जाते.

हे सगळं अर्थात संगणकातलं. अनोळखी माणसाशेजारी बसायला सगळे तयार आहेत, असं त्यात गृहीत धरलेलं असतं. शिवाय स्वस्त शेअर गाडीकडे बसचे प्रवासी वळले, तर रस्त्यावरच्या गाड्या घटण्याऐवजी वाढतील.

आणि डेटा येतो तो माणसांच्या येण्याजाण्याचा. न्यूयॉर्कच्या टॅक्सींचा 2013 चा डेटा पुढच्या वर्षी खुला झाला तेव्हा गाड्यांचे नंबर सांकेतिक अक्षरांत बदललेले होते. पण नंबर ठरावीक साच्यातले असल्याने सगळ्या शक्य नंबरांचे संकेत आधीच काढून कुलूप झटक्यात उघडलं गेलं. मग टॅक्सीत चढणाऱ्या नामवंतांच्या छायाचित्रांतले नंबर जुळवून ते कुठे उतरले, हेही लोकांनी शोधलं. 2016 च्या मध्यापासून तिथे फेरीचा नेमका बिंदू न देता फक्त विभाग दिला जातो. त्यामुळे कोणाचं दार ओळखू येत नाही. पण ख आणि ग एकाच कोपऱ्यावर उभे आहेत की दोन वेगळ्या टोकांना, तेही आता त्या नोंदीतून कळत नाही.