न्यूजपेपरातल्या ‘न्यूज’चा चार दिशांशी संबंध नाही बघा

नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साउथ यांची पहिली अक्षरं जोडून ‘न्यूज’ झालं हे शाळेपासून ऐकत आलोय, आणि आमच्या बेळगाव-खानापूर-निपाणीकडं अजून पोरांना जीके म्हणून हेच सांगालेत. चूक आहे हो ते!

न्यूज म्हणजे सरळ ‘न्यू’चं अनेकवचन, नव्या गोष्टी, फ्रेंचमधलं नूव्हेल आणि लॅटिनमधलं नोव्हा पण असंच बनलंय, आणि पूर्वीच्या इंग्रजीत स्पेलिंग एन-ई-डब्ल्यू-ई-एस असंपण लिहायचे, मग ती दुसरी ‘ई’ कुठली दिशा सांगा की. पुढं १७व्या शतकात त्याला पेपर जोडून न्यूजपेपर झालं.

इंग्रजीत न्यूजपेपर म्हणजे हातातला अंक, तो काढणारी संस्था आणि पुडी बांधायचा रद्दी कागदपण. आपण ‘न्यूज’ गाळून नुसतं पेपर म्हणतो, शेजारचे कन्नड बोलणारेपण पेपरच म्हणतात, आणि मार्चमध्ये ‘पेपर कसा गेला’ म्हटलं की तो परीक्षेचा. हां, अनेकवचनातून आलं तरी आता इंग्रजीत ‘न्यूज इज’च म्हणतात, ‘न्यूज आर’ नाही, पोरांना हे शिकवा.