मोटारीची ओढ : टॉर्क, अश्वशक्ती आणि गिअर

इंजिनाने फिरवलेली चाके रस्त्याला मागे रेटतात आणि त्यामुळे गाडी पुढे ढकलली जाते. या पुढे ढकलणाऱ्या बलाला मोटारीची ओढ म्हणतात. गाडी वेग किती झपाट्याने घेते, चढ कोणत्या गिअरमध्ये चढते, तिचा कमाल वेग किती, हे सारे ही ओढ आणि तिला विरोध करणारी बले यांवर ठरते. इंजिनाचा टॉर्क, तो टॉर्क देताना होणारे इंजिनाचे फेरे आणि मधल्या गिअरची गुणोत्तरे (चाकाच्या एका फेऱ्यामागे इंजिनाचे किती फेरे होतात ते) यांतून ओढ तयार होते. अश्वशक्ती यांच्या जोडीला बाहेरून येत नाही. टॉर्क आणि फेरे यांचा गुणाकार म्हणजेच शक्ती. ‘टॉर्क महत्त्वाचा की अश्वशक्ती’ हा गाडीवाल्यांचा जुना वाद बहुतेक वेळा हा गुणाकार नजरेआड झाल्यामुळे रंगतो.

टॉर्क म्हणजे पीळ देणारा जोर. एक मीटर लांब पान्याच्या टोकाला १०० न्यूटन जोर लावला, की नटावर १०० न्यूटन-मीटर टॉर्क पडतो. नट गंजून जाम झाला असेल आणि तसूभरही हलला नाही, तरी टॉर्क तेवढाच. म्हणून काम किती वेगाने होते हे एकट्या टॉर्कवरून कळत नाही, ते शक्तीवरून कळते. न्यूटन-मीटरमधला टॉर्क आणि दर मिनिटाचे फेरे यांचा गुणाकार करून त्याला साधारण ९,५५० ने भागले, की किलोवॉटमध्ये शक्ती मिळते. अश्वशक्ती हे माप जेम्स वॉटने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात वाफेच्या इंजिनांसाठी रूढ केले. त्याची अश्वशक्ती सुमारे ७४६ वॉटची, तर मेट्रिक अश्वशक्ती ७३५.५ वॉटची. त्यामुळे दोन गाड्यांचे आकडे ताडून पाहताना माप कोणते, हे आधी बघावे.

आता गिअर. समजा, एक इंजिन ४,००० फेऱ्यांवर १५० न्यूटन-मीटर टॉर्क देते. पहिल्या गिअरचे गुणोत्तर ३.५, डिफरन्शियलचे (गिअरपेटीनंतर दोन्ही चाकांना जोर वाटून देणाऱ्या दंतचक्रांचे) ४ आणि चाकाची त्रिज्या ०.३ मीटर आहे. एकूण गुणोत्तर १४ झाले. घर्षणात जाणारा वाटा सोडून दिला, तर चाकांवर २,१०० न्यूटन-मीटर टॉर्क पोहोचतो आणि ओढ ७,००० न्यूटन मिळते. त्या वेळी गाडीचा वेग ताशी ३२ किलोमीटर असतो. पाचव्या गिअरचे गुणोत्तर ०.८ धरले, तर त्याच फेऱ्यांवर वेग ताशी १४१ किलोमीटर होतो, पण ओढ उरते १,६०० न्यूटन. ओढ आणि वेग यांचा गुणाकार दोन्हीकडे सारखाच येतो : सुमारे ६३ किलोवॉट. गिअर टॉर्क वाढवतो, शक्ती वाढवू शकत नाही. टॉर्क जितक्या पटीने वाढतो तितक्याच पटीने चाकाचे फेरे कमी होतात.

यातून निघणारी एक गोष्ट अनुभवी चालकांनाही चकवते. एकाच गिअरमध्ये राहिले, तर इंजिनाचा टॉर्क सर्वाधिक असतो तिथे ओढ सर्वाधिक असते. पण एका ठरावीक वेगाला कोणता गिअर सर्वांत जास्त ओढेल, असा प्रश्न असेल तर इंजिन जास्तीत जास्त शक्ती देईल तो, हे उत्तर आहे. वरच्याच गाडीत ताशी ८० किलोमीटरला तिसरा गिअर (एकूण गुणोत्तर ५.२) घातला, तर इंजिन ३,७०० फेऱ्यांच्या आसपास, म्हणजे टॉर्कच्या शिखराजवळ असते. १५० न्यूटन-मीटरवर ओढ मिळते २,६०० न्यूटन. दुसऱ्या गिअरमध्ये (एकूण ८) फेरे ५,७०० च्या घरात जातात. तिथे टॉर्क १३२ पर्यंत उतरला असे धरले, तरी ओढ ३,५०० न्यूटनच्या वर जाते. ओव्हरटेक करताना गिअर खाली उतरवतात तो यासाठीच.

डिझेल गाडीच्या ‘दमदार टॉर्क’बद्दलही हेच. ३०० न्यूटन-मीटर २,००० फेऱ्यांवर आणि १५० न्यूटन-मीटर ४,००० फेऱ्यांवर, या दोन्हींची शक्ती एकच. डिझेलचे एकूण गुणोत्तर निम्मे ठेवावे लागते आणि चाकावर दोघांची बरोबरी होते. तरीही टर्बो डिझेलचा पिकअप चांगला वाटतो आणि तो भास नव्हे : कमी फेऱ्यांवरच बरीच शक्ती हाताशी असल्याने दर चढाला गिअर बदलावा लागत नाही. याच्या अगदी उलट टोकाला शर्यतीची इंजिने असतात. फॉर्म्युला वनमधील २.४ लिटर, आठ सिलिंडरच्या इंजिनांवर २००७ मध्ये १९,००० फेऱ्यांची मर्यादा होती. त्यांचा टॉर्क ३०० न्यूटन-मीटरच्या आसपास, पण अशा अफाट फेऱ्यांमुळे शक्ती ७०० अश्वशक्तीच्या पुढे.

ओढीला टायरची पकडही आवर घालते. ओल्या रस्त्यावर पहिल्या गिअरची सगळी ओढ उतरतच नाही, चाक जागीच फिरते. वेग वाढला की अडथळा हवेचा असतो. वेग दुप्पट झाला की हवेचा रोध चौपट होतो आणि त्यावर मात करायला आठपट शक्ती लागते. म्हणून कमाल वेग शक्तीवर ठरतो, अर्थात ती शक्ती नेमकी त्या वेगाला मिळेल असे गुणोत्तर असेल तरच. इंधन वाचवण्यासाठी शेवटचा गिअर फार लांब, म्हणजे फार कमी गुणोत्तराचा, ठेवलेला असेल, तर गाडी आपला कमाल वेग त्याच्या आधीच्या गिअरमध्ये गाठते. मोठ्या व्यासाची चाके बसवली तरी सगळे गिअर एकदम लांबतात आणि पिकअप मंदावतो.

विजेच्या मोटारीला शून्य फेऱ्यांपासून जवळजवळ पूर्ण टॉर्क मिळतो. एका मर्यादेपर्यंत तो स्थिर राहतो, त्यापुढे शक्ती साधारण स्थिर राहते आणि टॉर्क उतरत जातो. पेट्रोल इंजिनाला हा आकार गिअर बदलत बदलत साधावा लागतो. त्यामुळे बहुतेक विजेच्या गाड्यांत गुणोत्तर एकच असते, बहुधा ९ ते १० च्या आसपास. २०१९ मध्ये आलेल्या पोर्शे टायकानने मात्र मागच्या ॲक्सलवर दोन गिअर दिले : छोटा, म्हणजे मोठ्या गुणोत्तराचा, जोरदार सुरुवातीसाठी, लांब वेगवान रस्त्यासाठी.